मोडशी, पेज आणि टाचेवरचा डाग : रेवदंडा-चौलच्या संदर्भात एका व्याधीच्या निदान-उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे रेवदंडा वसले आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत 'चौल' म्हणून ज्या वसाहतीचा उल्लेख येतो ती प्रत्यक्षात रेवदंड्याच्या तटबंदीतील वसाहत होय. जुने चौल तिच्या शेजारी, निजामशाहीच्या अमलाखाली होते. इ. स. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगिजांनी येथे कोटाचे काम सुरू केले आणि १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले. या सव्वादोनशे वर्षांत येथील लढाया, व्यापार, चर्चे आणि सातखणी मनोरा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. तटाच्या आत आणि बाहेर माणसे कशाने आजारी पडत, त्यांचा आजार कोण ओळखत असे आणि त्यावर काय उपाय केले जात, याची चर्चा मात्र स्थानिक इतिहासलेखनात क्वचितच आढळते.

प्रस्तुत लेखात एकाच व्याधीचा विचार केला आहे. जुलाब आणि वांत्या एकाच वेळी सुरू होऊन माणूस काही तासांत खचतो, अशा विकाराला कोकणात 'मोडशी' म्हणत. हा विकार निवडण्याचे कारण असे की, त्याच्या लक्षणांच्या आणि उपचारांच्या नोंदी सोळाव्या शतकापासून उपलब्ध आहेत. त्या नोंदी आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात वाचताना दोन मोह टाळावे लागतात. 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' हा पहिला आणि 'पूर्वीचे सारे अज्ञानच होते' हा दुसरा. नोंदी पाहता दोन्हींपैकी एकही विधान टिकत नाही.

शब्दाचा प्रवास

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा याच्यासमवेत गोव्यास आला. पुढील तीस-पस्तीस वर्षे तो याच किनाऱ्यावर राहिला. बुऱ्हाण निजामशहावर उपचार करण्यासाठी तो अहमदनगरच्या दरबारी जात असे. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. निजामशाहीचे मुख्य बंदर चौल. त्यामुळे चौलचा उल्लेख त्याच्या ग्रंथात वारंवार येणे स्वाभाविक आहे. भारतातील वनस्पती व औषधे यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील सतराव्या संवादात कोष्ठ या औषधीबरोबरच या रोगाची चर्चा आहे. युरोपीय वैद्य ज्याला 'कॉलेरिका पॅशियो' म्हणतात त्याला येथील लोक 'मोर्शी' म्हणतात आणि पोर्तुगीज त्याचाच अपभ्रंश करून 'मोर्देशी' म्हणतात, असे ओर्ता सांगतो.

हा 'मोर्शी' म्हणजे मराठी-कोकणी 'मोडशी' होय, असे व्युत्पत्तिकारांचे मत असून यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशातही तेच दिले आहे. शब्दाच्या मुळाशी 'मोडणे' हा धातू मानतात. अंग मोडून पडणे, माणूस मोडणे या प्रयोगांशी तो जुळतो. पुढे फ्रेंचांनी 'मोर्देशी' हा शब्द ऐकला आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ लावून 'मोर द शिएँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असे रूप केले. कुत्र्याच्या मौतीने मरणे हा वाक्प्रचार मराठीतही असल्याने हा योगायोग मराठी वाचकास थोडा चमत्कारिक वाटेल. पण नावाच्या या प्रवासात एक गोष्ट हरवली. कोकणी माणसाच्या लेखी मोडशी हे लक्षणांचे वर्णन होते. युरोपीय ग्रंथांत पोहोचेपर्यंत ते एका भयंकर, परक्या रोगाचे विशेषनाम झाले. मराठीत मात्र हा शब्द उलट दिशेने सौम्य होत गेला आणि पुढे अपचनाने झालेल्या साध्या उलटी-जुलाबांसाठीही वापरला जाऊ लागला. जीवघेण्या साथीसाठी पटकी, महामारी, जरीमरी हे शब्द रूढ झाले. जरीमरी ही तर देवताच झाली, जशी देवीच्या रोगासाठी चौलची शितळादेवी.

निदान : डोळे, आवाज, नाडी

ओर्ताने सांगितलेली लक्षणे आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यासही अनोळखी वाटणार नाहीत. नाडी अतिशय क्षीण होते, कधी कधी हातास लागतच नाही. श्वास तोकडा पडतो. अंग बाहेरून गार, घाम थंड. आत मात्र दाह आणि न शमणारी तहान. डोळे खोल जातात. झोप लागत नाही. वांत्या व जुलाब होत होत रोगी निःशक्त होतो आणि हातापायांत पेटके येतात. युरोपपेक्षा येथे हा रोग अधिक तीव्र असून बहुधा चोवीस तासांत माणूस दगावतो, दहा तासही न टिकलेला रोगी आपण पाहिला आहे, असेही तो नोंदवतो.

हे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील विसूचिकेच्या वर्णनाशी ताडून पाहण्यासारखे आहे. विसूचिका म्हणजे सुया टोचल्यासारख्या वेदना देणारी व्याधी. तिच्या लक्षणांत मूर्च्छा, अतिसार, वांती, तहान, पेटके आणि दाह यांचा समावेश आहे. असाध्य रोग्याची लक्षणे सुश्रुत स्वतंत्रपणे देतो : दात, ओठ व नखे काळसर पडणे, शुद्ध हरपत जाणे, डोळे आत जाणे, आवाज क्षीण होणे, सांधे ढिले पडणे. ओर्ता आणि सुश्रुत यांच्या परंपरा वेगळ्या. एक गॅलेन आणि अरबी वैद्यक शिकलेला, दुसऱ्याचा आधार त्रिदोषांचा. तरीही खोल गेलेले डोळे दोघांनाही दिसले. रोग्याच्या उशाशी बसून जे दिसते ते सिद्धांतावर अवलंबून नसते, हे या साम्यावरून कळते.

कारणाचा विचार करू लागताच दोन्ही परंपरा अडखळतात. हा रोग जून-जुलैत अधिक होतो, हे ओर्ताचे निरीक्षण अचूक आहे. मात्र त्याचा संबंध तो मुख्यतः अतिखाण्याशी जोडतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातही विसूचिका ही आमदोषाची, म्हणजे न पचलेल्या अन्नाची, परिणती मानली आहे. पावसाळ्यात वाड्यांमधील विहिरी व तळी गढूळ पाण्याने भरतात आणि वरची घाण त्यांत उतरते, हे कोकणातील कोणाही गृहस्थास दिसत होते. पण पाणी हेच रोगाचे वाहन असेल, हा विचार या नोंदींत येत नाही.

उपचारांची एकच रांग

ओर्ता स्वतः काय उपचार करी, हे पाहिल्यास त्याच्या काळाची मर्यादा स्पष्ट होते. पोटातील दूषित द्रव्य बाहेर काढण्यासाठी वांती करवणे, बस्ती देणे, कोमट तेलाने अंग चोळणे आणि विषहारक म्हणून बेझोअर नावाचा प्राणिज खडा देणे, असा त्याचा क्रम होता. आधीच पाणी गमावणाऱ्या शरीरातून आणखी पाणी काढण्याचा हा मार्ग होता.

त्याच संवादात तो 'येथील लोक' काय करतात हेही सांगतो आणि ओर्ताच्या ग्रंथाचे खरे मोल येथे आहे. येथील लोक रोग्यास मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात, त्यास 'कांजी' म्हणतात. पायांना डाग देतात. शुद्ध किती उरली आहे हे पाहण्यासाठी डोळ्यांत पिंपळी घालतात. पेटके आले की डोके, हात व पाय पट्ट्यांनी करकचून बांधतात. विडा खायला देतात. हे सांगताना ओर्ताच्या लेखणीत तुच्छता नाही. पायांना डाग देण्याचा उपाय आपणही एका रुग्णावर करवला, असे तो कबूल करतो.

टाचेवरच्या डागाचा इतिहास मोठा आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात साध्य विसूचिकेवर दोन्ही टाचांना दाह देणे प्रशस्त मानले आहे. ओर्तानंतर शंभर वर्षांनी भारतात आलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलों हाही मोर्देशीवर तापलेल्या लोखंडाने टाचेचा जाड भाग डागण्याची पद्धत नोंदवतो आणि तिची प्रशंसा करतो. ग्रंथ, लोकव्यवहार आणि परकीय वैद्य या तिघांनीही मान्य केलेला हा उपाय होता. आणि तो निरुपयोगी होता. टाचेला डाग बसल्याची जाणीव ज्या रोग्यास होत होती, त्याची शुद्ध अजून शाबूत होती. असे रोगी वाचण्याची शक्यता मुळातच अधिक. जे वाचले ते डागामुळे वाचले असे मानले गेले. अनुभव या शब्दावर वैद्यकात किती भिस्त ठेवावी, याचा विचार करताना हे उदाहरण विसरता येत नाही.

याच रांगेत कांजी उभी होती. तांदळाच्या पेजेला तेव्हाच्या दृष्टीने डागापेक्षा, विड्यापेक्षा किंवा पिंपळीपेक्षा अधिक महत्त्व नव्हते. आयुर्वेदात मंड, पेया, विलेपी, यवागू यांची सूक्ष्म प्रतवारी आहे. लाह्यांच्या मंडाचे गुणही वर्णिले आहेत. परंतु हा आहार अग्नी प्रदीप्त करण्यासाठी व पचनास हलका म्हणून सांगितला आहे. शरीरातून गेलेले पाणी भरून काढणे हाच या व्याधीवरील प्रमुख उपचार आहे, अशी मांडणी तेथे नाही. शिवाय ओर्ताच्या कांजीत मिरी आहे, जिरे आहे. मिठाचा उल्लेख नाही. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

जुलाबांच्या सर्वच प्रकारांवर एकच उपाय होत असे असे मात्र नव्हे. हगवणीवर, विशेषतः आव-रक्त पडत असल्यास, कुड्याची साल देत. ओर्ताने या वनस्पतीवर वेगळे लिहिले असून पोर्तुगीज तिला 'मलबारची वनस्पती' म्हणत असल्याचे सांगितले आहे. पाण्यासारखे जुलाब आणि आव हे दोन वेगळे विकार असून त्यांची औषधे वेगळी, हा भेद किनाऱ्यावरील वैद्यांना ठाऊक होता. त्या वैद्यांची नावे मात्र मोडशीच्या नोंदीत येत नाहीत. ते 'येथील लोक' एवढेच राहतात. पुढे १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी अन्यधर्मीय वैद्यांकडून औषध घेऊ नये असा निर्बंध घातला, तर १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या ३० वर मर्यादित केली. ज्यांच्याकडून शिकायचे त्यांनाच दूर ठेवण्याचा हा प्रकार होता. खुद्द ओर्ताही सुटला नाही. तो ज्यू वंशातील नवख्रिस्ती होता. १५६८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. १५८० मध्ये इन्क्विझिशनच्या आदेशाने त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

नावावरून रोग ठरतो का?

गास्पार कोरैया या बखरकाराने १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या 'मोर्शी'च्या साथीचे वर्णन केले आहे. मृतांची संख्या इतकी वाढली की गव्हर्नरने चर्चमधील घंटा वाजवण्यास मनाई केली. रोगाचा उलगडा व्हावा म्हणून एका मृताचे शरीर उघडून पाहण्यात आले. जठर आक्रसून कोंबडीच्या पेटाऱ्याएवढे झालेले आणि आगीत पडलेल्या चामड्यासारखे सुरकुतलेले आढळले, एवढेच त्यातून हाती लागले. भारतातील शवविच्छेदनाच्या जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक असल्याने तिला महत्त्व आहे. या मंडळींना पाहायचे होते ते समोरच होते, पण त्याचा अर्थ लावणारी दृष्टी नव्हती.

ही साथ म्हणजे आजच्या अर्थाने कॉलराच होती काय, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर येथे उद्भवलेला रोग नवा होता असे काहींचे म्हणणे. जुने पोर्तुगीज उल्लेख पुढे करून तो जुनाच असल्याचे इतरांचे प्रतिपादन. जंतू पाहिल्याखेरीज या वादाचा निर्णय होणे शक्य नाही आणि सोळाव्या शतकातील जंतू आता कोणी दाखवू शकत नाही. अन्नविषबाधेसारखे इतर विकारही मोडशीच्या नावाखाली मोजले गेले असणार. इतिहासकाराने येथे लक्षणसमूहापाशीच थांबावे हे बरे.

१८१८ नंतर : औषध आणि अपाय

१८१७ ची साथ पुढल्या वर्षी दख्खनमार्गे पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली आणि ऑगस्ट १८१८ मध्ये मुंबईत शिरली. मुंबईच्या वैद्यकीय मंडळाने १८१९ मध्ये या साथीवरील अहवाल छापला. त्या काळातील कंपनी सरकारच्या डॉक्टरांची मुख्य आयुधे होती कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, अफूचा अर्क आणि रक्तमोक्ष. पाणी गेल्याने रक्त आधीच दाट झालेले. अशा रोग्याची शीर कापून रक्त काढले जात असे, आणि तहानेने तळमळणाऱ्या रोग्यास पाणी नाकारणारे डॉक्टरही थोडे नव्हते. त्याच दिवसांत एखाद्या आगरातील म्हातारी आपल्या नातवाला पेज पाजत असेल, तर त्या मुलाची स्थिती कंपनीच्या इस्पितळातील शिपायापेक्षा बरी असण्याचा संभव होता. तिला याचे कारण सांगता आले नसते, आणि डॉक्टरने ते तिला विचारले नसते.

कारणाचा शोध युरोपात साथ पोहोचल्यावर लागला. १८३१-३२ मध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने कॉलराच्या रुग्णांचे रक्त तपासून त्यातील पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटा याने क्षारयुक्त पाणी शिरेवाटे देऊन मरणोन्मुख रुग्ण उठवून बसवले. पण पाणी निर्जंतुक नसे, प्रमाण ठरलेले नसे आणि उपाय मरणाच्या दारातील रुग्णांवरच होई. पद्धत मागे पडली. ओशॉनेसी स्वतः १८३३ मध्ये कलकत्त्यास आला, तेथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला, पुढे भारतातील तारयंत्राचा जनक म्हणून नावाजला. ज्या देशात त्याच्या शोधाची सर्वाधिक गरज होती तेथे तो आयुष्याची उमेदीची वर्षे राहिला. त्याचा शोध मात्र येथे रुजला नाही.

चौलच्या इतिहासाशी निगडित एका डॉक्टरचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करणारे जोसेफ गर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्ये चौल व वसईच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. रेवदंड्याच्या भग्नावशेषांचा अभ्यास आजही त्यांच्या ग्रंथाशिवाय सुरू होत नाही. त्यांनीच १८७१-७२ च्या मुंबईतील डेंग्यूच्या साथीवर, रोगाचा इतिहास, लक्षणे व उपचार या क्रमाने पुस्तक लिहिले होते. ताम्रपट वाचणारा आणि नाडी पाहणारा हात एकच होता, ही परंपरा पुढे खंडित झाली.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलराचा जंतू निश्चित केला. तेथील एका तळ्याच्या पाण्यातही तो त्यांना आढळला. जंतूपासून निघणारे विष आतड्यातून पाणी बाहेर खेचते, हे सिद्ध करण्यास १९५९ साल उजाडले आणि ते कार्य कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी केले.

पेजेचा पुनर्विचार

तोंडावाटे दिलेले पाणी कॉलरात आतड्यात शोषले जात नाही, अशी दीर्घकाळ समजूत होती. हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरने १९५३ मध्ये १८६ रुग्णांना मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडावाटे देऊन बरे केल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी पानओव्याच्या वर्गातील एका वनस्पतीचा रसही वापरला होता. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने या निबंधाकडे फारसे लक्ष गेले नाही. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या अस्तरातून जोडीने आत जातात व त्यांच्यामागे पाणी जाते, हे तत्त्व १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनी त्याचा वापर करून मोजमापासह चाचणी केली. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेवाटे द्यावयाचे द्रव संपले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्युप्रमाण या उपचाराखालील रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आले.

त्यानंतर, १९८० च्या दशकात, बांगलादेशात तांदळाच्या पिठावर आधारित क्षारपाण्याचे प्रयोग झाले. तांदळातील पिष्ट आतड्यात हळूहळू विघटित होऊन ग्लुकोज पुरवते. त्यामुळे द्रावण फार दाट होत नाही आणि कॉलराच्या रुग्णांत जुलाबांचे प्रमाणही घटते, असे आढळले. ओर्ताच्या कांजीचा हा शास्त्रीय पडताळा होय, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. पेजेतील पिष्टास सोडियमची जोड मिळाल्याशिवाय गेलेले क्षार परत येत नाहीत. मीठ घातलेली पेज आणि मिरी-जिरे घातलेली कांजी यांत रोग्याच्या जिवाइतके अंतर पडू शकते. मात्रेचा प्रश्नही आहेच. तीव्र कॉलरात तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. वाटीभर पेजेने ते भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलेल्या द्रावणात लिटरभर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. हे आकडे परंपरेतून मिळणारे नव्हते. त्यासाठी गट पाडून, मोजून, चुकून पुन्हा मोजावे लागले.

निदानाच्या बाजूने मात्र फारसे बदललेले नाही. जुलाब झालेल्या बालकाची शुष्कता तपासताना आरोग्य कर्मचाऱ्यास आजही चार गोष्टी पाहण्यास शिकवले जाते : मूल सुस्त वा चिडचिडे आहे का, डोळे खोल गेले आहेत का, ते अधाशासारखे पाणी पिते की पिऊच शकत नाही, आणि पोटावरची चिमटीत धरलेली त्वचा सोडल्यावर किती वेळाने पूर्ववत होते. यांपैकी डोळे आणि तहान सोळाव्या शतकातील किनाऱ्यावरील मोडशीच्या वर्णनात आहेत. त्वचेची चिमटी तेवढी ओर्ताच्या वर्णनात सापडत नाही.